उत्तरेच्या रांगेतलं चौदा नंबर

आसावरीचं डोकं ट्रॉयमधून निघतानाच फिरलं होतं, आणि त्याला कारण मनोहर काका. घर बघायला दोघांनीच जायचं असं ठरलं होतं. शनिवारची सकाळ, अकराची अपॉइंटमेंट, ट्रॉय या उपनगरातून डेट्रॉइटपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचा ड्राइव्ह. पण श्रीरंगने गाडी हायवेला न घेता सरळ काकांच्या दारात नेऊन उभी केली आणि म्हणाला, त्यांना सहज घेऊ बरोबर, एक नजर टाकतील. सहज म्हणे! काका बूट-बिट चढवून, खांद्याला झोळी अडकवून पायरीवर तयार उभे होते. म्हणजे नवऱ्याचं आणि काकांचं आधीच ठरलेलं, आणि बायकोला कळतंय ते स्वतःच्याच गाडीतून उतरून मागच्या सीटवर जाताना.

मनोहर काका माणूस वाईट नव्हे. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी मोटारींचे ब्रेक डिझाइन केले. रिटायर झाले, काकू गेल्या, आणि मग त्यांना वास्तुशास्त्राने धरलं. आता ट्रॉयमधल्या मराठी मंडळींत काकांच्या होकायंत्राशिवाय कोणी घर घेत नाही. बरं, एक पै घेत नाहीत, त्यामुळे नको म्हणायची सोयच नाही. हे सायन्स आहे हो, एवढंच म्हणतात, आणि आपल्या घराची भिंत पाडायला लावतात.

पंधरा वर्षांपूर्वी याच काकांनी आसावरीची सतरा घरं नापास केली होती. अठरावं पास झालं. पूर्वेला दार, आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्य मोकळी, सगळं कसं पुस्तकातल्यासारखं. फक्त झोपायच्या खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर, रस्त्याला फुटपाथ नाही, आणि दुधाचं दुकान अडीच मैलांवर. त्या वेळी आसावरी काही बोलली नाही. रुही तेव्हा चार वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन अठरा घरं बघताना बोलायची ताकदच उरली नव्हती.

बोलायला हवं होतं, हे तिला गेल्या उन्हाळ्यात कळलं. आई गेल्यावर बाबा पुण्याहून चार महिने राहायला आले. ऐंशीला टेकलेले, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एकदा कोणी बघत नाही असं समजून ते जिन्यावरून बसत बसत, एकेक पायरी खाली सरकत आलेले तिने पाहिले. चार महिन्यांत हा माणूस एकदाही आपला आपण घराबाहेर पडला नाही. पुण्यात जो रोज सकाळी चालत जाऊन पेपर आणायचा, येताना चार जणांशी बोलायचा, तो इथे खिडकीशी बसून शेजाऱ्याचं गवत कापणारं मशीन बघत राहायचा. जायच्या आधी दोन दिवस त्यांनी विचारलं होतं, "आसा, इथे माणसं बाहेर कशी जातात गं?"

तेवढ्या एका वाक्यासाठी आसावरीने आठ महिने घर शोधलं. बाबांचं ग्रीन कार्ड झालं होतं, ऑक्टोबरमध्ये ते कायमचे येणार होते, आणि तिला एकच गोष्ट हवी होती. दार उघडून बाबांना स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येईल, असं घर. शेवटी ते सापडलं मर्सर स्ट्रीटवर. तळमजला, दोन खोल्या, दाराला उंबरठ्याएवढीही पायरी नाही. रुही कॉलेजसाठी ॲन आर्बरला गेल्यापासून मोठ्या घराचं कौतुकही संपलं होतं. श्रीरंगने फारसा वाद न घालता हो म्हटलं, ऑनलाइन फॉर्मही त्यानेच भरला. इतक्या सहज हो म्हणतोय म्हणजे काहीतरी गोम आहे, हे बावीस वर्षांच्या संसारानंतर तरी तिच्या लक्षात यायला हवं होतं.

मर्सर स्ट्रीटचा भाग सगळा नवा कोरा. आधी पार्किंगचं ॲप उतरवून घ्या, मग त्यात गाडीचा नंबर टाका, मग ॲप म्हणणार की झोन चुकला. श्रीरंग पार्किंगच्या खांबाशी झटापट करत होता तोवर आसावरीने रस्ता पाहून घेतला. समोरासमोर घरांच्या दोन लांब रांगा, फिकट विटांच्या, मोठाल्या काचांच्या. मधोमध लॅव्हेंडरची बाग, बाक, आणि बागेतून आरपार गेलेली पितळेची एक बारीक पट्टी. या पट्टीच्या जागी पूर्वी सहा फूट उंच काँक्रीटची भिंत होती. भिंतीच्या उत्तरेला काळी माणसं राहायची, दक्षिणेला गोरी. पुढे कारखाना येणार म्हणून दोन्हीकडची घरं पाडली, कारखाना काही आला नाही, आणि चाळीसेक वर्षं इथे नुसतं गवत वाढलं. हे सगळं बागेतल्या एका पाटीवर होतं. म्हणजे पाटीवर दोनच ओळी होत्या, बाकीचं वाचायला कोड स्कॅन करा. आसावरीने स्कॅन केला तर फोन आधी कुकीजची परवानगी मागायला लागला, मग ईमेल. माणसांना भिंत घालून वेगळं ठेवलं होतं, हे वाचायलासुद्धा आता अकाउंट उघडायचं! तिने फोन पर्समध्ये टाकला. पट्टीवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून एक मुलगी फोटो काढून घेत होती.

मिसेस टॉलिव्हर काठी टेकत आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या, किरकोळ बांध्याच्या, जांभळा स्वेटर, केस पांढरेशुभ्र. सोसायटीच्या समितीच्या त्या अध्यक्ष. इथे घर विकत मिळतं, पण समितीने हो म्हटलं तरच. आधी जुन्या वस्तीतल्या कुटुंबांचा हक्क, मग उरलेल्यांचे फॉर्म वाचून, भेटून ठरवतात. त्यांनी आसावरीचा हात हातात घेतला, श्रीरंगला मान डोलावली, आणि काकांच्या होकायंत्राकडे जरा रोखून पाहिलं. चौदा नंबर उत्तरेच्या रांगेत होतं, सध्या रिकामं असं तेवढंच एक. आधी घर बघा, मग बोलू, असं म्हणून त्यांनी दार उघडलं.

आसावरी आत गेली ती खिडकीशीच थबकली. समोर बाग, बागेत बाक, बाकावर एक म्हातारा पेपर वाचत बसलेला. कोपऱ्यावर लायब्ररी. तिने मनातल्या मनात दारापासून बाकापर्यंतची पावलं मोजली, पंचवीस-तीस फार तर. बाबांची पावलं लहान, त्यांना चाळीस लागतील. चाळीस तर चाळीस. मागच्या खोलीत त्यांचा पलंग कुठे लावायचा, तेही तिने ठरवून टाकलं. पोटातून आनंद झाला की तिच्या डोळ्यांत उगाच पाणी येतं, तसं आलं, आणि तिने ते दुपट्ट्याने पुसलं.

बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. काका दारात होकायंत्र धरून उभे, श्रीरंग शेजारी फोन धरून, दोघं एकमेकांचे आकडे ताडून बघत होते. दक्षिणमुखी, काका म्हणाले. आणि सरळ दक्षिण असती तरी एक वेळ उपाय होता, पण या गावाचे रस्तेच तिरके, त्यामुळे दार आग्नेयेला झुकलंय, म्हणजे आणखीच वाईट. आसावरी दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली की काका, बाबांचा गुडघा बघायचा की दिशा? काकांनी अतिशय प्रेमाने सांगितलं की तुझ्या वडिलांसाठीच म्हणतोय गं, दक्षिण ही यमाची दिशा, म्हाताऱ्या माणसाला तिथे ठेवायचं नसतं. तिचे हात शिवशिवले. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला, तेही परक्या बाईसमोर, काय बोलणार? श्रीरंग म्हणाला की तू टेन्शन घेऊ नको, मी फॉर्ममध्ये लिहिलंय सगळं, समोरच्या रांगेतलं घर निघेपर्यंत आपण थांबू.

"काय लिहिलंयस?" तिने विचारलं. तेवढ्यात मिसेस टॉलिव्हरनी त्यांना समितीच्या खोलीत बोलावलं.

लांब टेबल, कॉफीचा थर्मास, भिंतीवर जुन्या वस्तीचे फोटो. मिसेस टॉलिव्हरनी चष्मा लावला, फाइलमधून एक कागद काढला आणि टेबलावर आसावरीच्या समोर ठेवला. आसावरी-श्रीरंगच्याच फॉर्मची छापील प्रत. प्राधान्याच्या रकान्यात श्रीरंगने सुबक इंग्रजीत लिहिलं होतं की आम्हाला फक्त दक्षिणेच्या रांगेतलं घर द्यावं, उत्तरेच्या रांगेतलं कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही, आमच्या कुटुंबाच्या शांती आणि पावित्र्यासाठी हे अत्यंत महत्त्वाचं आहे. खाली दोन सह्या. श्रीरंग आगाशे, आसावरी आगाशे.

आसावरीने ते दोनदा वाचलं. मग कानशिलं तापली. पावित्र्यासाठी! बाहेर ती पितळेची पट्टी आहे, भिंतीवर हे फोटो आहेत, आणि या शहाण्याने इथे लेखी कळवलंय की काळ्यांच्या बाजूचं घर आमच्या पावित्र्याला चालत नाही.

मिसेस टॉलिव्हर आवाज न चढवता बोलत होत्या. आपण याच उत्तरेच्या रांगेत जन्मलो, घर पाडलं तोपर्यंत, सदतीस वर्षं इथेच राहिलो, असं त्यांनी सांगितलं. वडील सुतार होते. भिंतीपलीकडच्या घरांचे जिने त्यांनी बांधले, पण त्यातलं एकही घर त्यांना विकत मिळालं नाही. "आमच्या वेळचे दलाल हे असलं फोनवर बोलायचे," त्या म्हणाल्या. "कागदावर कोणी आणत नसे. तुम्ही पहिलेच."

श्रीरंगचा चेहरा पडला. त्याच्या मनात तसलं काही नव्हतं, हे आसावरीला शपथेवर माहीत होतं. त्याने घाईघाईने समजावायला सुरुवात केली, आणि जितका समजावत गेला तितका खोलात जात राहिला. माणसांचा काही संबंध नाही, फक्त दाराचं तोंड कुठे आहे त्याचा. उत्तरेच्या रांगेतली दारं दक्षिणेला उघडतात. आमच्याकडे दक्षिण ही मृत्यूच्या देवाची दिशा. मग काका मदतीला धावले आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर बोलायला लागले. आसावरीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मिसेस टॉलिव्हरनी दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं की म्हणजे मरण आमच्या बाजूच्या दारांतून आत येतं, असंच ना? श्रीरंग नाही-नाही म्हणाला. पण काकांनी सवयीने मान डोलावली होती.

मग त्या आसावरीकडे वळल्या. "तुम्ही खिडकीशी किती वेळ उभ्या होतात, ते मी पाहिलं. ही खालची सही तुमची?"

सही तिचीच होती. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना श्रीरंगचा मेसेज आला होता, फॉर्म पाठवलाय, साइन कर. फोनवर सहीच्या जागी पिवळा बाण आला, तिने बोट टेकवलं, झाली सही. दोन सेकंद लागले नसतील. तिने ते तसंच सांगितलं. न वाचता केली, मिसेस टॉलिव्हर. सांगताना तिलाच ते लंगडं वाटलं. घर घेताय आणि वाचलं नाहीत, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या भुवया जरा वर गेल्या आणि हात फाइलकडे गेला. आता त्या फाइल मिटणार, आणि चौदा नंबर हातातून जाणार, हे आसावरीला स्वच्छ दिसलं. ऑक्टोबरमध्ये बाबा पुन्हा त्या जिन्यावरून बसत बसत खाली येणार.

तेव्हा तिने ते सांगितलं. बावीस वर्षांत ट्रॉयमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं ते, आणि काकांच्या देखत. माझं माहेरचं आडनाव गजभिये, ती म्हणाली. आमच्या देशात नुसतं आडनाव सांगितलं की माणसाची जात कळते. आमची जात ती, जिला हजारो वर्षं गावाबाहेर ठेवलं. बाबा बँकेत अधिकारी होते, नागपूरहून पुण्याला बदली झाली, तेव्हा आसावरी बारा वर्षांची होती. दर रविवारी बाबा तिचं बोट धरून भाड्याचं घर बघायला जायचे. घर रिकामं असायचं, किल्ली समोर खिळ्याला लटकत असायची. आडनाव विचारलं जायचं, आणि घर तेवढ्यात गेलेलं असायचं. असे अकरा रविवार झाले. बाराव्या रविवारी बाबा घरीच बसले आणि फोनवरच आधी आडनाव सांगायला लागले, पोरीची पायपीट नको म्हणून. हे घर मी त्यांच्यासाठी मागतेय, ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज फाटला. तिला त्याची लाज वाटली, आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात आशाही वाटली. हे ऐकून तरी ही बाई पाघळेल. बाबांचे अकरा रविवार आपण या टेबलावर घरासाठी मांडतोय, हेही तिला कळत होतं, आणि तरी ती थांबली नाही.

मिसेस टॉलिव्हरनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"मग तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

आसावरी वाद घालायला तोंड उघडणार होती. वाचलंच नव्हतं तर माहीत कसं असणार? पण सतरा घरं नापास होताना तिने काय केलं होतं? शांती आणि पावित्र्य हे शब्द श्रीरंगने काही परवा शोधून काढले नव्हते, ते तिच्या घरात बावीस वर्षं नांदत होते, आणि त्यांच्यामागे काय दडलेलं असतं, ते तिला त्या अकरा रविवारांपासून ठाऊक होतं. वास्तुशांतीला गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा तिने निमूट सासरचं सांगितलं होतं. माहेर कुठलं असं कोणी विचारलं की विदर्भातलं म्हणायचं आणि विषय बदलायचा. याच काकांनी एकदा तिच्याच डायनिंग टेबलवर एका नव्या कुटुंबाबद्दल सांगितलं होतं की माणसं चांगली आहेत, पण आपल्यातली नव्हेत. आणि तिने काकांना कोशिंबीर वाढली होती.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

मिसेस टॉलिव्हरनी मान हलवली. तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, आणि ते खरंच वाटत होतं. पण चौदा नंबर यादीतल्या पुढच्या कुटुंबाकडे जाईल. समितीतल्या पाच जणांनी तो रकाना वाचला होता, त्यातल्या तिघांच्या आईबापांची घरं या रांगेत होती. त्यांना जाऊन मी काय सांगू? नवा फॉर्म कधीही भरता येईल, पण यादीच्या शेवटून. दीड-दोन वर्षं धरून चाला.

बाहेर आल्यावर काकांनी उसासा टाकला आणि म्हणाले की जाऊ दे, दक्षिणमुखीतून तरी सुटलात. आसावरीशी मात्र ते बोलले नाहीत. तिच्या डाव्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत ते गाडीकडे गेले, आणि काहीच बघायचं उरलं नसताना होकायंत्र काढून बघत उभे राहिले. सकाळपर्यंत 'आसावरी बेटा' होतं.

श्रीरंग तिला बाकाशी घेऊन आला. त्याचा चेहरा अगदी उतरला होता. फॉर्मबद्दल सॉरी म्हणेल, असं तिला वाटलं. निदान बाबांचं आता काय करायचं, असं तरी विचारेल. प्रेमविवाह होता त्यांचा. याच माणसाने त्या काळी आईवडिलांचा विरोध पत्करून तिच्याशी रजिस्टर लग्न केलं होतं. त्याचं तिला केवढं अप्रूप होतं.

"ते काकांसमोर कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "आता सगळ्या ट्रॉयला कळेल."

आसावरीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो नुसता संताप, कोरडा आणि स्वच्छ. त्याच्यावर, काकांवर, त्या पिवळ्या बाणावर, पण सगळ्यात जास्त स्वतःवर. ती वळली आणि समितीच्या खोलीत परत गेली.

मिसेस टॉलिव्हर कपबशा आवरत होत्या. नवा फॉर्म आहे का, असं तिने विचारलं. कागदावरचा द्या, फोनवरचा नको. ती टेबलाशी बसली आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं, बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा. अर्जदाराच्या नावापुढे तिने लिहिलं, आसावरी गजभिये. बरोबर राहणाऱ्यांत वडिलांचं नाव. प्राधान्याच्या रकान्यात लिहिलं, तळमजला, रांग कोणतीही. दुसऱ्या अर्जदाराची जागा रिकामी सोडली. मिसेस टॉलिव्हरनी तो शांतपणे वाचला, वर क्रमांक टाकला, एकशे बारा, आणि फाइलला लावला. ऑक्टोबरला तीन महिने उरले होते. बाबांसाठी तोवर इथेच कुठेतरी तळमजल्यावर भाड्याची खोली बघायची, त्यांच्याबरोबर आपणही राहायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

श्रीरंग दारात येऊन उभा होता. केव्हापासून कोण जाणे. फाइलमधल्या फॉर्मवरची रिकामी जागा त्याला तिथूनही दिसली असावी.

"आणि मी?" त्याने विचारलं.

"तुझा फॉर्म तू भर," आसावरी म्हणाली. "त्याच्यावर माझी सही नसेल."